पऱ्या, हुंडा आणि जमीन



'हुंडा म्हणजे शेवटी मुलीचा वाटाच. भावाला जमीन, बहिणीला हुंडा. हिशेब बरोबर!' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीनं कुठल्या ना कुठल्या बैठकीत ऐकलेलं असतं. कधी ते सरपंचाच्या तोंडून येतं, कधी शिकलेल्या वकिलाच्या, तर कधी चार लेकी उजवून थकलेल्या एखाद्या मावशीच्या. दुसरं एक वाक्य आपल्याच बाजूच्या लोकांकडून येतं: 'बायांच्या डोक्यातल्या अंधश्रद्धा गेल्या, की बाकीचं आपोआप सुटेल.' कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करताना ही दोन्ही वाक्यं मला सारखी भेटतात. दोन्ही चुकीची आहेत असं मला फार दिवस वाटत होतं, पण नेमकं कसं ते मांडता येत नव्हतं. ते मला सापडलं एका अगदी अनपेक्षित जागी, आयर्लंडच्या खेड्यांत.

आयर्लंड म्हटलं की आपल्याला आठवते बेळगावची सविता हलप्पनवार. २०१२ साली गॉलवेच्या रुग्णालयात गर्भपात नाकारला गेल्यामुळे मरण पावलेली तरुण दंतवैद्य. तिच्या मृत्यूनंतर तिथल्या बायका रस्त्यावर आल्या आणि २०१८ साली सार्वमतानं त्या देशाची घटना बदलली. पण त्या घटनेच्या मागे जे कुटुंब उभं होतं, ते कसं घडलं? समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कॉनरॅड अरेन्सबर्ग आणि सोलन किंबॉल या दोन अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांचं पुस्तक वाचनात आलं. १९३० च्या दशकात आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या क्लेअर परगण्यात राहून त्यांनी शेतकरी कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९४० साली तो प्रसिद्ध झाला. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. आपल्याला उपयोगी पडेल असं त्यातलं काही इथे मांडते.

१८४५ ते १८४९ या वर्षांत आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं. भयंकर दुष्काळ पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. त्याआधी लहान शेतकरी सगळ्या मुलांत जमीन वाटत असे आणि लग्नंही लवकर होत. दुष्काळानं धडा दिला की तुकडे केले तर कोणीच जगत नाही. मग पद्धत बदलली. जमीन एकाच मुलाला, हुंडा एकाच मुलीला. उरलेल्यांनी अमेरिका गाठायची, इंग्लंड गाठायचं, मठात जायचं, नाहीतर भावाच्या घरी बिनलग्नाचं राबायचं. १९११ च्या जनगणनेत ४५ ते ५४ या वयाच्या दर चार बायकांपैकी जवळजवळ एक अविवाहित होती. पुरुषांचंही तसंच. बाप जमीन नावावर करून देईपर्यंत मुलाला लग्न करता येत नसे, म्हणून चाळिशी उलटलेल्या माणसालाही गावात 'पोरगा'च म्हणत.

लग्न जमवण्याला आयरिश भाषेत शब्द आहे 'क्लाव्नस'. मध्यस्थ निरोप घेऊन जायचा. मग दारूच्या गुत्त्यात किंवा बाजाराच्या दिवशी दोन्हीकडची पुरुषमंडळी बसायची. जमीन किती, गुरं किती, कुरणाला पाणी आहे का, म्हातारा-म्हातारी किती दिवस घरात राहणार? मुलीचा बाप मुलाच्या शेतावर जाऊन बांध न् बांध फिरून यायचा. यालाच 'जमीन चालणं' म्हणत. जमिनीची जशी किंमत, तसा हुंड्याचा आकडा. तो ठरला की वकिलाकडे कागद व्हायचे. नवऱ्यामुलाच्या आईवडिलांना घरातली एक खोली, चुलीला सरपण, दूध, चर्चला जायला गाडीत जागा, हे सगळं त्या कागदावर लिहिलेलं असायचं. मुलगा-मुलगी या सगळ्यात एकमेकांना एकदा-दोनदा भेटली तर भेटली. आपल्याकडची 'याद' आणि 'बैठक' आठवली ना?

हुंड्याला आयरिशमध्ये 'स्प्रे' म्हणतात. त्या शब्दाचा जुना अर्थ गुरंढोरं. आता नीट बघा, हा पैसा जायचा कुठे. मुलीचा बाप तो देणार मुलाच्या बापाला. मुलाचा बाप तो ठेवणार आपल्या मुलीच्या लग्नाला. ती मुलगी ज्या घरी जाईल, तिथला बाप तो पुढे ढकलणार आपल्या मुलीसाठी. एकच रक्कम दहा घरं फिरायची. ज्या बाईच्या नावानं ती घरात आली, तिच्या हाताला ती एक दिवस लागायची नाही. तिच्या हातात असायचे ते अंड्यांचे पैसे. कोंबड्या आणि अंडी हे बाईचं, एवढीच काय ती मुभा. आणि हुंडा मिळालेल्या मुलीनं माहेरच्या जमिनीवर पुन्हा हक्क सांगायचा नाही, हेही ठरलेलं.

म्हणजे वाटा मिळतो तो वाटेकऱ्याच्या हाती यावा लागतो. दुसऱ्याच्या नणंदेचं लग्न लावून देणाऱ्या पैशाला वाटा म्हणत नाहीत. आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी हा हिशेब आपल्यापेक्षा स्पष्ट, वकिलाच्या कागदावर मांडला होता, म्हणून तो आपल्याला दिसतो. आपल्याकडे तो मांडवात आणि रुखवतात झाकला जातो, इतकंच.

आता चालीरीती आणि अंधश्रद्धांकडे येऊ. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोककथा आयोगानं एक सुंदर काम केलं. हजारो प्राथमिक शाळांतल्या मुलांना सांगितलं, की घरी जा, आजी-आजोबांना विचारा आणि लिहून आणा. विषयांच्या यादीत लग्नाच्या रीतीही होत्या. त्या वह्या आज संगणकावर कोणालाही वाचता येतात. त्यातून आणि इतर अभ्यासकांच्या लिखाणातून जे दिसतं ते असं.

लग्नांचा हंगाम म्हणजे नाताळपासून लेंट सुरू होईपर्यंतचे दिवस. लेंट हा ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा व्रतकाळ. आपल्या चातुर्मासासारखं, त्यात लग्न लागत नसे. शेवटच्या मंगळवारी लग्नांची झुंबड उडायची. तो दिवस हुकला की वर्षभर लग्न नाही. आणि जे राहिले त्यांची गाव कशी चेष्टा करायचा! लेंटच्या पहिल्या रविवारी चर्चला आलेल्या अविवाहितांच्या कोटावर पाठीमागून खडूच्या रेघा ओढायच्या. म्हणून तो 'खडूचा रविवार'. काही भागांत त्यांच्यावर मीठ टाकायचे. कॉर्क आणि केरी भागांत समज होता, की समुद्रातल्या स्केलिग नावाच्या खडकावर लेंट उशिरा लागतो, तेव्हा राहिलेल्यांनी तिथे जाऊन लग्न करावं. मग गावातले टवाळ प्रौढ कुमारिका आणि म्हाताऱ्या ब्रह्मचाऱ्यांच्या जोड्या लावून, नावानिशी विनोदी कवनं रचून ती वाटायचे.

यात विनोद आहे, पण जरा थांबून बघितलं तर क्रूरपणाही आहे. लग्न न होण्याचं कारण जमिनीची वाटणी. ते कारण बापाच्या आणि वकिलाच्या हातात. आणि खडूची रेघ मात्र ज्याचं काही चालत नाही त्याच्या पाठीवर! व्यवस्थेनं माणसाला बिनलग्नाचं ठेवायचं आणि रीतीनं त्याला त्याबद्दल शिक्षा करायची. आपल्याकडे मुलीला 'घोडनवरी' म्हणतात तेव्हा दुसरं काय होतं?

मुलींच्या भविष्य बघण्याच्या रीती तर मला फार बोलक्या वाटतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री, हॅलोविनला, गोड पावात अंगठी लपवायची. जिच्या तुकड्यात येईल तिचं लग्न लवकर. सफरचंदाची साल अखंड काढून खांद्यावरून मागे टाकायची आणि तिच्या आकारात नवऱ्याच्या नावाचं अक्षर शोधायचं. गोगलगाय राखेवर किंवा पिठावर रात्रभर ठेवायची आणि सकाळी तिच्या रेघेत अक्षर वाचायचं. हसू येतं खरं. पण मी अशी विचारते: ज्या मुलीला बैठकीत कोणी काही विचारत नाही, तिनं विचारायचं कोणाला? बापाला विचारायची सोय नाही, मध्यस्थाला नाही, म्हणून ती गोगलगाईला विचारते. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करताना हे आपण विसरतो. भविष्य बघणाऱ्या बाईला आपण अडाणी म्हणतो. तिचा स्वतःच्या आयुष्यावर किती ताबा आहे, हे आधी विचारत नाही.

लग्नाच्या दिवसाचे नियमही असेच. मे महिना अशुभ, शनिवार अशुभ, हिरवा रंग अशुभ. चर्चमधून बाहेर पडल्यावर नवरीला पहिल्या शुभेच्छा पुरुषानं द्यायच्या, बाईनं दिल्या तर अवलक्षण. कामाला निघालेल्या माणसाला वाटेत तांबड्या केसांची बाई आडवी आली तर तो परत फिरायचा. सासरच्या उंबऱ्यावर नवरीच्या डोक्यावर सासू ओटच्या पिठाची भाकरी मोडायची, भरभराट व्हावी म्हणून. आपलं माप ओलांडणं आठवतं. रीतीत गोडवा आहे, नाही असं नाही. गवताचे मुखवटे घालून अनोळखी तरुण लग्नघरी यायचे, नवरीबरोबर नाचायचे आणि शुभेच्छा देऊन जायचे, हेही त्यातच. सगळ्या रीती झाडून फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण शुभ-अशुभाच्या यादीत अशुभाच्या खात्यावर बाई किती वेळा येते, हे मोजून बघण्यासारखं आहे.

सगळ्यात मोठं अशुभ म्हणजे मूल न होणं. जमिनीला वारस हवा म्हणून तर हा सगळा खटाटोप. कॅथलिक चर्चला घटस्फोट अमान्य. तरीही मूल न झालेल्या बाईला माहेरी परत धाडायची एक रीत होती, तिला 'गावठी घटस्फोट' म्हणत असं अरेन्सबर्ग आणि किंबॉल नोंदवतात. आणि मूल झालं तरी बाई शुद्ध नाहीच. बाळंतपणानंतर पाद्रीनं आशीर्वाद देऊन चर्चमध्ये परत घेईपर्यंत तिनं दुसऱ्याच्या घरी जायचं नाही, असा समज खेड्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होता. आपल्या सुवेराशी, सव्वा महिन्याशी याचं नातं सांगायला नको.

यापुढची गोष्ट सांगताना हात थबकतो, पण ती सांगायला हवी. आयर्लंडच्या पऱ्या म्हणजे आपल्या गोष्टींतल्या गोड पऱ्या नव्हेत. त्या आपल्या आसरांच्या जवळच्या. जुन्या मातीच्या गढ्यांत राहणाऱ्या, तरुण बायकांना, नवरीला, बाळंतिणीला पळवून नेणाऱ्या आणि तिच्या जागी तिच्यासारखी दिसणारी बदली बाई ठेवणाऱ्या. नाचताना नवरीनं दोन्ही पाय जमिनीवरून उचलू नयेत, नाहीतर पऱ्या नेतील, असंही म्हणत.

टिपरेरी परगण्यात बॅलीव्हॅड्ली नावाच्या ठिकाणी ब्रिजेट क्लिअरी ही विशीतली बाई राहत होती. ती शिवणकाम करायची, टोप्या बनवायची. घरात शिवणयंत्र होतं, कोंबड्या होत्या, स्वतःची कमाई होती. लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. १८९५ च्या मार्चमध्ये ती आजारी पडली, थंडी-ताप, डोकेदुखी. डॉक्टर येऊन गेला, पाद्रीही येऊन गेला. पण नवरा मायकेल म्हणू लागला, की ही माझी बायको नव्हे, पऱ्यांनी बदललेली आहे. देवऋषाकडून झाडपाला आणला, तो बळजबरीनं पाजला. देवाच्या नावानं पुन्हा पुन्हा विचारलं: तू माझी बायको ब्रिजेट आहेस का? तिला चुलीवर धरलं. घरात तिचे वडील होते, नात्यातले भाऊ होते, शेजारी होते. १५ मार्चच्या रात्री नवऱ्यानं तिला जाळलं. आठवड्यानं जवळच पुरलेला तिचा देह सापडला. मायकेलला सदोष मनुष्यवधाबद्दल वीस वर्षांची सक्तमजुरी झाली. पंधरा वर्षांनी तो सुटला.

त्या वेळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी ही बातमी चघळली. हे बघा, आयरिश लोक किती रानटी, यांना स्वराज्य कसं द्यायचं? आपल्याकडे सतीच्या नावानं साहेबानं हेच केलं होतं. बाईच्या देहावर दुसऱ्यांचं राजकारण चालतं, तिचं मरण बाजूलाच राहतं. अँजेला बर्क यांनी १९९९ साली या प्रकरणावर पुस्तक लिहिलं आणि त्या घराकडे नीट बघायला शिकवलं. मला त्यातून दिसतं ते असं: गावाला पऱ्यांची भाषा तयारच मिळाली होती. स्वतःची कमाई असलेली, नीटनेटकी राहणारी, मूल नसलेली बाई 'आपल्यातली नाही' हे म्हणायला ती भाषा सोयीची पडली. आपल्याकडे बाईला 'चेटकीण' ठरवतात तेव्हा तिच्या नावावरचा जमिनीचा तुकडा किंवा तिचं एकटेपण बघा, असं आपण म्हणतो. ते याच कारणानं.

आता मुख्य मुद्दा. पऱ्यांवरचा विश्वास हळूहळू विरला. शाळा आल्या, वीज आली, रेडिओ आला. मग बायका सुटल्या का? १९३७ च्या आयरिश घटनेनं लिहून ठेवलं की बाईचं घरातलं जीवन हा राष्ट्राचा आधार आहे, आणि त्याच घटनेनं घटस्फोटाला बंदी घातली. सरकारी नोकरीतल्या बाईनं लग्न केलं की राजीनामा द्यायचा, हा नियम १९७३ पर्यंत होता. नवरा मृत्युपत्र करून सगळी जमीन दुसऱ्याला देऊ शकत होता. बायकोला ठरावीक वाटा मिळाला तो १९६५ च्या वारसा कायद्यानं. नवऱ्यानं तिच्या संमतीवाचून राहतं घर विकू नये, हा कायदा १९७६ चा. बायकोशी संबंध ठेवणाऱ्या परपुरुषाकडून नवऱ्यानं भरपाई मागायची, जणू कोणी त्याचं कुरण चारलं, ही तरतूद १९८१ मध्ये गेली. लग्नातला बलात्कार १९९० मध्ये गुन्हा ठरला. आपल्याकडे तो अजून गुन्हा नाही, हेही लक्षात ठेवू. लग्नाबाहेर आई झालेल्यांचं काय झालं, ते चौकशी आयोगानं २०२१ साली सांगितलं: १९२२ ते १९९८ या काळात अशा अठरा संस्थांमधून सुमारे ५६ हजार बायका गेल्या. पऱ्यांनी नेलेल्या बायकांपेक्षा धर्म, सरकार आणि घरच्यांनी मिळून नेलेल्या बायका कितीतरी जास्त.

१९८६ चं सार्वमत मला फार शिकवून गेलं. घटस्फोटाची बंदी उठवायची का, असा प्रश्न होता. ६३ टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नाही' म्हटलं, आणि त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्या काय अडाणी होत्या? मुळीच नाही. शेत नवऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर. घटस्फोट आला तर पहिली बायको रस्त्यावर येणार, हा त्यांचा हिशेब होता आणि विरोधी प्रचारानं नेमकं त्यावरच बोट ठेवलं. १९८९ साली विभक्त होताना मालमत्तेचं काय करायचं याचा कायदा झाला. १९९५ साली पुन्हा मत घेतलं, तेव्हा बंदी उठली. फरक फक्त ९,११४ मतांचा! दरम्यान बरंच काही बदललं होतं. पण बाईच्या पायाखाली थोडी जमीन आल्यावर तिनं दार उघडायला होकार दिला, असं मी या दोन आकड्यांतून वाचते.

आज क्लेअर परगण्यात लिसडूनवार्ना गावी दर सप्टेंबरात लग्न जुळवण्याचा मोठा उत्सव भरतो. गाणी, नाच, पर्यटक. लग्नाच्या आदल्या रात्री पाऊस पडू नये म्हणून बाळ येशूची मूर्ती अंगणात ठेवणारी घरं आजही आहेत. यात कोणाचं काही बिघडत नाही. रीत निरुपद्रवी झाली, कारण तिच्यामागची सक्ती गेली. पण जमीन? २०२० च्या कृषी गणनेत शेतीच्या मालक-चालकांत बायका होत्या सुमारे १३ टक्के. आणि बाईच्या घरातल्या जागेविषयीचं घटनेतलं ते कलम बदलण्याचा प्रस्ताव मार्च २०२४ च्या सार्वमतात पडला. त्याची कारणं गुंतागुंतीची आहेत, पण कलम जागेवर आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदाही आला. तरी राखीपौर्णिमेला ओवाळणी घेऊन परतणारी बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. 'माहेर तुटेल' ही तिची भीती खरी आहे. तिला भित्री म्हणून चालणार नाही. १९८६ साली 'नाही' म्हणणाऱ्या आयरिश बायकांना भित्र्या म्हणून चाललं नसतं, तसंच. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात बायकोच्या नावावर जमीन करायला पुरुषांना जाहीरपणे उभं केलं होतं. तसं काही पुन्हा गावोगाव व्हायला हवं, आणि या वेळी बायकांच्या संघटनांच्या पुढाकारानं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. अंधश्रद्धेवरचं आपलं शिबिर आणि मालमत्तेवरचं शिबिर वेगवेगळं घेऊ नका. देवऋषाबद्दल बोलायला बसलेल्या बायकांना त्याच बैठकीत विचारा: घर कोणाच्या नावावर? सातबाऱ्यावर कोण? हुंडा दिला, तो कोणाच्या हातात गेला आणि आज कुठे आहे? हक्कसोडपत्रावर सही केली का, आणि त्या बदल्यात काय मिळालं? कुमारिकेला, परित्यक्तेला, मूल नसलेल्या बाईला गावात कोणती नावं आहेत आणि ती नावं ठेवल्यानं कोणाचा फायदा होतो? फळ्यावर दोन रकाने करा, एकात रीत लिहा, दुसऱ्यात त्या रीतीमागचा पैसा किंवा जमीन. मी हा प्रयोग दोन गटांत केला. बायका हसत हसत सुरुवात करतात आणि दुसरा रकाना भरायला लागला की गप्प होतात. त्या गप्प होण्यापासूनच पुढचं बोलणं सुरू होतं.

तुमच्या गटात हे करून बघा. दुसऱ्या रकान्यात काय आलं, ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा.